पंपाने हवा धरली

बाबा होते तेव्हाच्या शेवटच्या रविवारी ती गुडघाभर गार पाण्यात उभी राहून चरफडत होती. डोंगरातलं, तळ्याकाठचं ते लाकडी घर बाबांनी निवृत्त झाल्यावर घेतलं होतं. जवळचं दुकान दोन तासांवर, त्यातही शेवटची चढण पायी. दार खांदा लावल्याशिवाय उघडत नसे. चुलीचा धूर धुराडं सोडून सगळीकडून जाई. आणि पेट्रोलवरचा पंप तर जन्माचा हटवादी. दर खेपेला हवा धरायचा, पाणी ओढेनासा व्हायचा. मग एकाने काठावर स्टुलावर बसून नरसाळ्याने पंपात पाणी ओतायचं आणि दुसऱ्याने तळ्यात उतरून पाइप गदागदा हलवायचा. स्टूल बाबांचं, तळं तिचं.

"हलव! अगं, जोर लावून हलव!"

"हलवतेच आहे! आता काय उपटून हातात देऊ?"

"उपटू नकोस. नवा मिळत नाही."

पंप खोकला, पाणी आलं. बाबांचा चेहरा असा, की जणू तळंच त्यांनी खणलंय. निघताना त्यांनी नेहमीचं विचारलं, "बरं वाटतं ना गं इथं?"

ती मोजे पिळत होती. खरं बोललं तर त्यांना लागेल, म्हणून तिनेही नेहमीचंच उत्तर दिलं, "हो, छान आहे."

"पुढच्या महिन्यात येशील?"

"बघू."

बुधवारी सकाळी दाढी करता करता ते आरशासमोरच कोसळले.

दीड महिन्यानंतर आईने हट्ट धरला, घर विकण्याआधी चार दिवस तिथं राहायचं. लेक म्हणाली, एक. दोनावर तोड निघाली. पोचल्यापासून दाराने खांदा सोलला होता, धुराने डोळे चुरचुरत होते आणि पंपाने अर्थातच हवा धरली होती.

"मी उतरते पाण्यात," आई म्हणाली.

"आई, तुझे गुडघे!"

"माझेच आहेत ना? तू ओत."

ती स्टुलावर बसली, पाणी ओतलं, पंप सुरू करायची दोरी ओढली. पंप ढिम्म. "हलव ना! अगं आई, जोर लावून हलव!"

आई पाण्यात थबकली. "अगदी त्यांचाच आवाज."

"आवाज राहू दे. हे घराचं लोढणं त्यांनी इतकी वर्षं गळ्यात का ठेवलं, ते सांग. दर खेपेला पाठ धरायची त्यांची."

"काढणारच होते की. दोन वर्षांपूर्वी गिऱ्हाईकही ठरलं होतं." आईने पाइप दुसऱ्या हातात घेतला. "मग म्हणाले, राहू दे. पोरीला तळ्याची ओढ आहे, त्यापायी तरी महिन्यातून एकदा येते. हे विकल्यावर माझ्यासाठी कशाला येईल ती?"

नरसाळं भरून पाणी तिच्या बुटांवर सांडत राहिलं.

"आणि तू काहीच बोलली नाहीस?"

"काय बोलू? मलाही तसंच वाटायचं. दर वेळी छान म्हणायचीस ना?"

तिला संताप आला. बाबांचा, स्वतःचा, त्या ओल्या मोज्यांचा. पाठदुखी सोसून ते तिच्यासाठी यायचे, आणि दात-ओठ खात ती त्यांच्यासाठी. आणि दोघंही एकमेकांना छान छान म्हणत बसलेले! तिने पुन्हा पाणी ओतलं आणि दोरीला असा हिसडा दिला, की स्टूल कलंडता कलंडता राहिलं. पंप खोकला. पुन्हा खोकला. मग पाइप थरथरला आणि वरच्या टाकीत पाणी पडू लागलं.

"आलं!" आई ओरडली, आणि सवयीने बाबांना शोधत स्टुलाकडे वळली.

लेक स्टुलावरून उठली नाही. पंपाची धडधड चालू होती, म्हणून तिला आवाज चढवावा लागला.

"मला हे घर कधीच आवडलं नाही, बाबा. दार नाही, चूल नाही, हे मेलं गार पाणी तर नाहीच नाही. मी तुमच्यासाठी येत होते."