आतून लावायची मिश्री

बेचाळीस वर्षांच्या संसारात सगुणानं माझी एकही थाप खरी मानली नाही. भाटघरच्या धरणात मी मासा ओढला तेव्हा पाणी दोन बोटं खाली गेलं आणि पाटबंधाऱ्याचा साहेब जीप घेऊन चौकशीला आला, ही गोष्ट मी सांगितली की उत्रोलीतली चांगली शहाणी माणसं साहेबाचं नाव विचारतात. सगुणा एवढंच विचारायची, "मग त्या माशाचं कालवण कुठं गेलं?" आणि हसायची. तोंड उघडून, मागच्या दाढा दिसतील असं.

पुढं दाढा गेल्या आणि ती पदर लावून हसायला लागली.

गेल्या त्या मिश्रीनं. बारा वर्षांची असल्यापासून तिचं ते चाललेलं. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी चहाच्या आधी बोटानं हिरड्यांना चोळत उंबऱ्यावर बसायचं. आमच्याकडच्या निम्म्या बायकांचा दिवस असाच उगवतो. साठी आली तोवर खालच्या जबड्याच्या दोन्ही बाजू रिकाम्या झाल्या होत्या. भाकरी चहात बुडवून गिळायची, त्याचंही तिला फार काही वाटत नसे. वाटायचं ते कडेचं. नाचणीच्या भाकरीची करपलेली कड लग्नापासून तिची. मऊ मऊ मला वाढायची आणि आपण कड कुरकुर चावत बसायची. मी बरीच वर्षं समजत होतो की बाई त्याग करते. तिला ती आवडायचीच, हे मला फार उशिरा कळलं.

"एक डाव कड चावली का मग मेले तरी चालंल," असं ती म्हणाली, तेव्हा तिला भोरला घेऊन गेलो.

तिथल्या दातांच्या दवाखान्यात डॉक्टर श्रावणी दर गुरुवारी यायच्या. मुलगी भोरचीच, बाप कोर्टात कारकून होता. पुण्याच्या दातांच्या कॉलेजात शिकवता शिकवता तिचा काही अभ्यासही चालला होता. तिनं फोटो काढला आणि सांगितलं, आजींच्या जबड्याचं हाड झिजलंय, दाताचा स्क्रू रोवायला जागाच नाही. आधी हाड वाढवायला हवं. हिरडी उघडून हाडाची पूड भरायची, वर एक पातळ पडदा घालायचा आणि शिवून टाकायचं. त्या पडद्याला ग्राफीनचा हात दिलेला. ग्राफीन म्हणजे काय, तर पेन्सिलीत काळं असतं ना बाबा, त्याचाच एक थर, त्याहून पातळ काही असूच शकत नाही असा. त्याच्या आधारानं नवं हाड चांगलं धरेल अशी आशा आहे, खात्री नाही. म्हणून तर अभ्यास. वीस माणसं घेतलीत, आजी आल्या तर विसाव्या.

अट एकच होती. ती तिनं हळू आवाजात, दोनदा सांगितली. "आजी, आजपासून दात बसेपर्यंत मिश्रीचं बोट तोंडात जाता कामा नये. आणि हे एकदाच होणार. तुमचं हाड इतकं थोडं उरलंय, की परत उघडता येणार नाही."

सगुणानं घरी आल्या आल्या डबी माझ्या हातात दिली. मी ती फडक्यात बांधून आढ्याला खोचली, तिचा हात पोचणार नाही अशी. महिनाभर तिनं लवंगा चघळल्या, बडीशेप चघळली, कोंबड्यांना शिव्या दिल्या. माझ्या अंगावर दोनदा कालथा घेऊन धावली. खरं म्हणजे एकदाच. पण डबी मागितली नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी दारातून बघत होतो. डॉक्टरच्या चिमट्यात नखाएवढा काळा तुकडा होता. तो सगुणाच्या हिरडीत गेला, टाके पडले आणि मला बिचाऱ्याला एक गोष्ट सुचली.

संध्याकाळी फाट्यावरच्या हॉटेलात धनाजीनं विचारलं, काय केलं काकीला. धनाजीची जीप नसरापूर ते वेल्हे वडाप करते. दिवसभर माणसं कोंबायची आणि त्यांना काहीतरी ऐकवायचं, हा त्याचा धंदा. मी चहाची बशी खाली ठेवली. म्हणालो, काय करणार, मिश्री लावली. आपल्या बाया भायेरनं लावतात, डॉक्टरबाई आतनं लावती. मिश्री जर्मनीतली. तंबाखूच्या जागी पेन्सिल भाजायची, वस्त्रगाळ करायची. आपल्या आज्यांना हे आधीच ठाऊक होतं, गोऱ्यांना आता कळलंय. हॉटेलात सगळे हसले. मी बशीतला चहा संपवला आणि विसरून गेलो.

पाच आठवडे झाले. डॉक्टरनं टाके बघून मान डोलावली. जखम सुरेख भरतेय, आजी, अशाच रहा, म्हणाली. सगुणा घरी येताना एसटीत पदर न लावता हसली.

त्याच आठवड्यात तिची धाकटी बहीण रत्ना आली. ती पालीला दिलेली, गडावर चढणाऱ्या पोरांना पिठलं-भाकरी करून घालते. ती बसल्या बसल्या म्हणाली, आक्का, तुझी तर मज्जा झाली, तुला आतनंच मिश्री भरली. वेल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. भोरच्या डॉक्टरबाई सवता बोलल्या म्हणं, का ही मिश्रीच हाय, इलायती.

माझीच थाप होती. उत्रोलीहून निघाली, नसरापूर, वेल्हे, पाली असा फेरा मारला आणि डॉक्टरणीचा पांढरा कोट घालून माझ्याच दारात परत आली. माझं नाव वाटेत कुठंतरी पडलं होतं.

सगुणानं माझ्याकडं पाहिलं. कालवण कुठं गेलं विचारताना बघायची तसं नाही, निराळंच. "अवो, खरं का ह्ये? तुमी तर हुता तितं."

नाही म्हणायला काय लागतं. एक श्वास. पण समोर मेहुणी बसलेली, आणि बेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच सगुणा माझ्या तोंडाकडं अशी बघत होती, की मी जे सांगेन ते ती घेणार. मला ते सोडवेना.

"व्हय," मी म्हणालो. "म्या डोळ्यांनी बघितलंय."

"मंग भायेरनं लावली तर काय बिघडतंय? आतलीला सोबतच."

रत्ना हसली, मीही हसलो. सगुणा हसली नाही. डबी काढून द्या म्हणाली. मी उठलो, आढ्याला हात घातला. फडक्यावर कोळ्यानं जाळं विणलं होतं. ते फुंकून टाकलं आणि डबी तिच्या हातात दिली.

पुढच्या पंधरा दिवसांत हिरडी उसवली. काळा पडदा उघडा पडला, पू झाला, गाल सुजून डोळा बंद झाला. डॉक्टरनं भरलेलं सगळं खरवडून काढलं. पूड, पडदा आणि त्याच्याबरोबर सगुणाचं होतं नव्हतं ते हाडही थोडं गेलं. हात धुऊन ती समोर येऊन बसली आणि विचारलं, "आजी, मिश्री लावली होती?"

सगुणाला नीट बोलता येत नव्हतं. "लावली. माजी मीच. सुटली न्हाई."

मी शेजारीच बसलो होतो. माणसांनी भरलेली जीप घाट चढेस्तोवर ज्याचं तोंड मिटत नाही, तो मी. डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं, तेव्हा मी भिंतीवरचं दातांचं चित्र बघत होतो.

पुढच्या गुरुवारी एकटाच गेलो. सगळं सांगितलं: हॉटेल, धनाजी, रत्ना आणि माझं ते ‘व्हय’. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली, घड्याळाकडंही बघितलं नाही. मग तिनं सगुणाचा कागद काढून माझ्यापुढं धरला. त्यावर एका ओळीत लिहिलं होतं: तंबाखू – होय. सूचना पाळल्या नाहीत. अभ्यासातून वगळले.

म्हणालो, तिनं न्हाई, म्या मोडलं. माझं नाव लिवा.

"कुठल्या रकान्यात लिहू, बाबा?"

मी कागद खालपर्यंत बघितला. जागा नव्हती.

"एकदा मला तरी विचारायचं होतंत," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

घरी आलो तेव्हा सगुणा चुलीपाशी होती. मी भोरला कशाला गेलो होतो, ते तिनं विचारलं नाही. तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडं न बघता बोलायला लागली.

"उगा मनाला लावून घिऊ नका. तुमच्या बोलण्यानं न्हाई झालं. म्या पैल्या दिसापासनंच लावत हुते. तुमी भायेर गेला की डबी काढायची आन परत तितंच खोचायची. रोज."

मला त्या दिवशीचं फडक्यावरचं जाळं दिसलं. दोरा न् दोरा शाबूत असलेलं.

तिनं आयुष्यात मारलेली ही पहिलीच थाप. कच्ची होती. माझ्यासारख्याच्या पुढं एक क्षण टिकली नसती.

"व्हय का?" मी म्हणालो.

"व्हय."

तिनं भाकरी ताटात घेतली. मधला मऊ भाग आपल्याकडं ओढून चहात कुस्करला. करपलेली कड गोल सोडवली आणि माझ्या ताटात ठेवली. माझे दात अजून सगळे जागेवर आहेत. मी चावायला लागलो. घरात दुसरा आवाज नव्हता, आणि ती ऐकत होती.