कठड्याबाहेरून एक फेरी

"आई, नुसतं बसायचं हं," निघताना निहारने बजावलं होतं. "आर्या खेळेल. तू आणि बाबा बाहेर. शब्द दे."

सुरेखाने शब्द दिला आणि पर्समध्ये हळूच जाड मोज्यांची जोडी टाकली.

दिवाळीत आकाशकंदील लावताना ती स्टुलावरून पडली, मनगट मोडलं, आणि तेव्हापासून आंग मो किओ भागातल्या त्या फ्लॅटमध्ये तिला जपायची जणू चढाओढ लागली होती. मुलगा, सून, कुणी पाण्याचा जगसुद्धा उचलू देईना. खरं तर आताशा बसमधून उतरताना तिच्याही छातीत धस्स व्हायचं. राग यायचा तो त्या धस्स होण्याचा. आज रोलर डिस्कोत, गाण्यांच्या तालावर स्केटिंग चालतं तिथे, एक फेरी मारायची, एकच. आपण अजून आपणच आहोत ना, बघायचं.

सेम्बावांगच्या शिपयार्डातल्या इंजिनियरची ही लेक. तेव्हा MRT मेट्रो कुठली! बस बदलत बदलत शहरातल्या रिंकवर जायची. पंजाबी ड्रेसच्या आत जांभळी सॅटिनची शॉर्ट्स. आरशांचा गोळा फिरायला लागला की सुरेखा पाठमोरी, उलटी, गर्दीतून अशी सुळकन निघायची की पोरं बघतच राहायची. विश्वास तिथलाच. शिकायला आला आणि शेवटपर्यंत शिकला नाही. कठडा धरून सरकायचा बापडा. शेवटी दिवे मंदावायचे, आता फक्त जोड्या, अशी घोषणा व्हायची आणि बाकीच्यांना बाहेर पडावं लागायचं. विश्वास निमूट बाहेर पडायचा. मग सुरेखाही बाहेर. एका ग्लासात दोन स्ट्रॉ घालून गुलाबी बंडुंग, गुलाबाचं सरबत घातलेलं दूध. लग्न झालं, पण जोडीची फेरी राहिली ती राहिलीच.

आता कठड्याबाहेर तोच विश्वास पर्स सांभाळत उभा होता. आत आर्या दणकन मागे पडली. उठली, परत पडली.

"आजी, आय कान्ट स्टॉप लाह! हे स्केट्स खराब आहेत. घरी जाऊ या."

सुरेखाला हसू फुटलं. पोर शाळेत शिकली एका ओळीतल्या चाकांवर. त्यांचा ब्रेक टाचेला. इथे भाड्याने मिळालेले जुन्या घाटाचे, दोन चाकं पुढे, दोन मागे, आणि ब्रेकचा रबरी ठोकळा चवड्यापुढे. ही आपली थांबायला बोटं वर करतेय आणि पाठीवर आपटतेय!

"अगं, टाच नको! बोटं टेकव, बोटं!"

ओरडून सांगूनही आर्याला काही कळेना. डोळ्यांत पाणी आलेलं. सुरेखाने विश्वासकडे पाहिलं.

"बघतेस काय? पर्समधले मोजे काढ," तो म्हणाला. "मघाशी चष्मा शोधताना दिसले मला."

"आणि निहार?"

"त्याचं मी बघतो. पडलीस तर मात्र मी तुला ओळखत नाही."

स्केट्स घालून ती उभी राहिली. धस्स झालंच. गुडघे वाकवले, डावा पाय पुढे घातला... आणि जमीन जुन्या ओळखीची निघाली. आर्याचे दोन्ही हात धरून ती पाठमोरी सरकू लागली.

"माझ्याकडे बघ. पायांकडे नाही. आता एक पाय मागे ने, बोट टेकव. हळू."

आर्या थांबली. न पडता. "आजी! हू टॉट यू?"

"तुझे आजोबा नव्हेत, एवढं नक्की."

थोड्या वेळाने आर्या मैत्रिणींत मिसळली आणि दिवे मंदावले. घोषणा झाली, जोड्यांसाठी. एकेकटे बाहेर निघाले. सुरेखाही दाराशी आली, सवयीने. तेवढ्यात कठड्यावरून एक हात पुढे आला.

"मी बाहेरून चालतो," विश्वास म्हणाला. "तू आतून. सावकाश हं, माझे बूट नवे आहेत."

कठड्याच्या दोन बाजूंनी दोघं निघाले. तो खांबांना, खुर्च्यांना, एका बाबागाडीला वळसा घालत. ती त्याच्या पावलाइतकीच. लोक हसत होते. हसू देत!

"निहारला काय सांगायचं?" तिने विचारलं.

"खरं ते. शब्द मोडला, हाड नाही मोडलं."

समोर कठडा संपून भिंत लागत होती. विश्वासने तिचा हात एकदा दाबून सोडला, आणि उरलेलं वळण तिने पाठमोरं घेतलं, त्याच्याकडे बघत.