कुड्याच्या सालीचा अहवाल

१९७२ साली मुंबईच्या एका औषध कंपनीचे डॉ. देवस्थळी अकोले तालुक्यातल्या डोंगरात आले. पोटाच्या विकारांवर नवं औषध करण्यासाठी कॉम्प्युटरने निवडलेल्या वनस्पतींची यादी त्यांच्याकडे होती. झाडपाल्याचं औषध देणाऱ्या बनुबाईंनी ती ऐकून विचारलं, "ह्यात कुडा न्हाई व्हय? जुलाबावर लई गुनाचा हाय."

"कॉम्प्युटरने तो वगळलाय, बाई."

"त्याला कंदी जुलाब झालं हुतं का?"

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनाच जुलाब लागले. जवळच्या गोळ्या संपल्यावर त्यांनी निमूटपणे बनुबाईंचा कुड्याच्या सालीचा काढा घेतला आणि दोन दिवसांत बरे झाले.

मुंबईत परतल्यावर त्यांनी अहवाल लिहिला: 'कुड्याची साल गुणकारी. निवड: कॉम्प्युटर. तज्ज्ञ: डॉ. देवस्थळी. काढा उकळण्यास मदत: एक ग्रामस्थ महिला.'