संकासुरासोबत फोटो

"हे काय गं, हॉरर आहे का?" चैतन्यने विचारलं, तशी ऋतिका मुलुंडच्या नाट्यगृहातल्या खुर्चीत आणखी खाली घसरली.

रंगमंचावर संकासुर आला होता. काळे कपडे, उंच काळी टोपी, तोंडावर काळं कापड, त्यावर पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. पुढच्या रांगांतल्या गुहागरकडच्या बायकांनी बसल्या जागी हात जोडले. गावाला शिमग्यात त्याला देवाचा मान. मुंबईत गावच्या मंडळाच्या नमनात, म्हणजे कोकणी लोकनाट्यात, तो तिकिटावर नाचतो, मान तेवढाच.

"हॉरर नाही रे. प्रेक्षक आणि नट यांच्यातली सीमारेषा पुसणारा विधी आहे हा," ऋतिका म्हणाली.

"कसली बोलतेस गं तू!" सपना म्हणाली.

बोलायचीच ती. चित्रकलेच्या तिसऱ्या वर्षाला दर महिन्याला एक प्रदर्शन, एक नाटक आणि एक सिनेमा बघून त्यावर वैयक्तिक चिंतन लिहावं लागे. ऋतिकाचं चिंतन सर वर्गात वाचून दाखवत. कोऱ्या कॅनव्हाससमोर ती अस्वस्थ झाली होती, इराणी सिनेमात आतून हलली होती, आणि एका प्रायोगिक नाटकात तिला स्वतःचाच नव्याने शोध लागला होता. त्या नाटकात तिला खरं तर झोप लागली होती. नमनावर मात्र तिने कधी एक ओळ लिहिली नव्हती, कारण संकासुर तिचे बाबा होते.

मधुकर भांडुपच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. दर वर्षी ते नमनाचा पास आणून फ्रिजवर ठेवत आणि दर वर्षी ऋतिकाचं नेमकं सबमिशन असे. कॉलेजात तिने "बाबा थिएटर करतात" एवढंच सांगितलं होतं. पुढचं मित्रांनी आपापल्या मनाने रचलं आणि तिने रचू दिलं. या वेळी नाक्यावरचा बॅनर चैतन्यनेच पाहिला. "फोक आहे यार! सर खूश होतील." नाही म्हणायला तिला कारण सुचलं नाही.

घुंगरं जवळ आली. संकासुर प्रेक्षकांत उतरला होता. तो समोर थांबला की वाकायचं, मग तो डोक्यावर हात ठेवतो. पुढे गावच्या बायकांत बसलेली ऋतिकाची आई वाकली. एका बाईने तान्हं मूल त्याच्या पायांशी ठेवलं. असं करत करत तो मागे आला आणि ऋतिकाच्या खुर्चीपाशी एकदम थबकला. कापडाच्या भोकांतून दोन डोळे तिच्याकडे बघत राहिले. मग हात वर उचलला गेला.

"शूट कर ना! काय बघत बसलीस?" चैतन्य कुजबुजला.

ऋतिकाने मोबाइल समोर धरला. फ्रेम छान जमली होती. तो हात थोडा वेळ तसाच अधांतरी राहिला, मग शेजारच्या आजींच्या डोक्यावर टेकला. संकासुर पुढे गेला.

खेळ संपल्यावर सपनाला फोटो हवाच होता. रंगपटाबाहेर बाबा टोपी काखेत धरून पाणी पीत होते. आई डबा उघडत होती.

"काका, एक फोटो?" सपना म्हणाली. मग ऋतिकाकडे वळली, "तू ओळखतेस यांना?"

"आमच्या गावचे आहेत. मधुकरकाका." चिंतनातली वाक्यं सुचत, तितक्याच सहज तिला हे सुचलं.

आईने डब्याचं झाकण परत लावलं. ती काही बोलणार, एवढ्यात बाबांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"व्हय व्हय," ते म्हणाले. "एकाच वाडीतले आमी."

"मग हिच्या बाबांना ओळखत असाल ना? ते पण थिएटर करतात," चैतन्य म्हणाला.

"ऐकून हाय." बाबांनी मिशीवरचं पाणी पुसलं. "मोठी माणसं ती. आमची कुठची गाठ पडायला!" मग ऋतिकाकडे वळून म्हणाले, "तुमी वेळ काढून आलात. बरं वाटलं."

त्यांनी टोपी चढवली, तोंडावर कापड ओढलं. सपना एका बाजूला उभी राहिली, ऋतिका दुसऱ्या.

"ऋतिका, जवळ सरक ना जरा!" चैतन्य ओरडला.

ती सरकली. तितकाच संकासुर पलीकडे सरकला, आणि परक्या घरच्या मुलीला चुकूनही धक्का लागू नये म्हणून त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले.