लीलाबाईंची हनुवटी

"डोळं मिटलं असलं तरी द्या ताई, मी उघडून देतो. आपल्या दुकानात मेल्यावरबी डोळं उघडत्यात!"

भाऊसो फोटोवाला बोलून बसला आणि मग जीभ चावली. समोर क्रांती उभी होती. तिच्या आईचा, लीलाबाईंचा, उद्या तेरावा होता. हार घालायला फोटो हवा होता.

कोरेगावच्या स्टँडमागं भाऊसोचा स्टुडिओ. माणूस भारी इरसाल. टकल्याला केस, पोटवाल्याला सूट, पडलेल्या उमेदवाराच्या मागं विधानभवन, काय म्हणाल ते चिकटवून द्यायचा. फ्लेक्सवरची तोंडं तर एवढी गोरी करायचा, की वाढदिवसाचा मालकच खाली उभा राहून विचारायचा, "ह्यो कोण रं?"

"ह्यो बघा. तुमच्या लग्नातला." भाऊसोनं पडद्यावर फोटो उघडला. "काय दिसत्यात मावशी! सिरियलमधली सासूच."

क्रांतीनं पडद्याजवळ तोंड नेलं. "गोंदण कुठाय?"

"कसलं?"

"हनुवटीवरचं. हिरवे ठिपके होते आईला."

"आवं ताई, तुमीच म्हनला हुता, पुसा म्हणून! सांगलीची पावणी हसतील म्हणून."

क्रांती स्टुलावर बसली. म्हणाली होती खरं. विश्रामबागेतलं सासर, सगळी शिकलेली माणसं. अल्बम आल्यावर आईनं पान उलटता उलटता विचारलं होतं, "ही कोण गं?" तेव्हा सगळी पोट धरून हसली होती. तीही.

"मूळ फोटो असेल ना?"

"अल्बम दिला की मूळचं पुसून टाकतो, सजवलेलं तेवढं ठेवतो. कॉम्प्युटरमदी जागा कुठं ऱ्हाती?"

तिनं मोबाइल काढला. बारशातली आई, हळदीकुंकवातली आई. सगळीकडं हनुवटी गुळगुळीत. मोबाइल आपणहूनच चेहरे उजळायचा, डाग-ठिपके पुसायचा, म्हणून तर तिनं तो घेतला होता. आधार कार्डावर आई नुसती सावली होती.

"मग परत घाला. पुसता येतं तर घालताही येईल."

"घालतो की. किती ठिपकं हुतं?"

क्रांतीनं तोंड उघडलं. तीन? पाच? ती उठली आणि बाहेर बाकावर बसलेल्या वडिलांना, केरबांना, आत घेऊन आली.

केरबा पडद्यासमोर बसले. त्यांनी सांगितले तेवढे ठिपके भाऊसोनं टाकले.

"हितं का मामा?"

"जरा खाली."

"आता?"

"लय काळं झालं. हिरवं हुतं. इटलेलं, फिक्कट."

भाऊसोनं रंग उतरवला, कडा पुसट केल्या. खरंच हुबेहूब जमलं. तो खुशीत मागं रेलला. "आता बोला!"

केरबा पडद्याजवळ वाकले.

"काय ऱ्हायलं मामा?"

"हसली की ते वर सरकायचं," केरबा म्हणाले. "जवळ जवळ यायचं."

"एवढंच व्हय? हसवतो की मावशीला! ॲप हाय माझ्याकडं. दात दावू का नुसतं गालात?"

"नगं. दुसरंच कोण तरी हसंल."

भाऊसोनं माउसवरचा हात काढून घेतला.

"आन् ते ठिपकंबी काढ गड्या," केरबा उठत म्हणाले. "ते तिचं न्हवंत. तुझं हायती."

भाऊसोनं क्रांतीकडं पाहिलं. तिनं होकाराची मान डोलावली. त्यानं ठिपके काढले.

दुसऱ्या दिवशी ओसरीत पाटावर फोटो मांडला. बायका पुढं सरकून बघू लागल्या.

"लीला लय गोरी दिसतीया गं."

"फोटूच झ्याक हाय."

क्रांतीनं झेंडूचा हार वडिलांच्या हातात दिला. केरबांनी तो फोटोला घातला आणि मागं होऊन पाहिलं. मग पुन्हा वाकले, हार दोन्ही बाजूंनी वर ओढला आणि फुलं हनुवटीवर नीट बसवली.