चो विनची सायकल

मध्यभागी

रंगून विद्यापीठाच्या पायऱ्या, पायऱ्यांवर आडवा पडलेला चो विन. वय वीस. एक चप्पल पायात, दुसरी दोन पायऱ्या खाली. बासष्ट साली लष्कराने पोरांवर गोळ्या झाडल्या, प्रेतंही दिली नाहीत; म्हणून थोरल्या भावाने, तिन माँगने, हे चित्र काढलं. बाकीच्या पोरांची आणखी सोळा. पोलीस चित्रं न्यायला आले तेव्हा चित्रं आणि चित्रकार आगबोटीवर होते.

डावीकडे

बूट. नुसते लष्करी बूट.

रंगूनचं दुकान सरकारजमा झालेल्या प्रेमचंदने तिन माँगला सोबत खानदेशात, खापरला आणलं. बूट झकास आलेत, पण इथे लक्ष्मीची चित्रं खपतात, असं त्याचं मत पडलं. मास्तरांनी हा धडा कितवीला आहे ते विचारलं. मुंबईच्या कलादालनातून पत्र आलं, विषय लांबचा आहे. पोराचं नाव कोणीच विचारलं नाही, आणि तिन माँगला तर तेवढाच प्रश्न हवा होता. चित्रं भिंतीकडे तोंड करून बसली. तो डोंगरातल्या लोकांसाठी मेलेल्यांचे दगड रंगवू लागला: घोडा, स्वार, वर चंद्रसूर्य. घोड्याशिवाय मेलेला पोचत नाही म्हणत. तो मुकाट्याने घोडे काढी.

उजवीकडे, रिकामी जागा

पासष्ट साली डोंगरातला सुकराम बापाचा दगड रंगवून घ्यायला आला. त्याने हे एक चित्र वळवून बराच वेळ पाहिलं. नाव विचारलं. कोणी मारलं, तेही. सरकारने, असं कळलं. कोणत्या, ते त्याने विचारलं नाही.

"घोडा कोठे शे?"

चो विन घोड्यांना भ्यायचा, कॉलेजात सायकलने जायचा, असं तिन माँगने सांगितलं.

"मंग सायकल काढ ना, भाऊ. तीन वरीस व्हयनात, बिचारा पायीच चाली ऱ्हायना."

रंगूनच्या टीकाकारांनी त्याच्या पुष्कळ चुका काढल्या होत्या. ही सुटली होती. त्याने सायकल काढली. घंटीसकट.

खाली

पुढच्या बाजाराला सुकराम घरची अकरा माणसं घेऊन आला. चित्र प्रेमचंदच्या दारातल्या निंबाला टेकवलं, मोहाच्या दारूची धार सोडली, कोंबडी कापली. प्रेमचंदने आपली खाट आत नेली. सुकरामची आई रूपलीबाई नवऱ्यासाठी रडली होती तितकीच, नाव घेऊन, चो विनसाठी रडली. मग सगळे जेवले.

सुकरामने भिंतीकडची सोळा चित्रं एकेक करून वळवली.

"ह्या बी पायीच का?"

तिन माँगने आठवून पाहिलं. बहुतेक पोरं बसने यायची. बस चालेल का, त्याने विचारलं.

"चाली ना. एकमाच बसतीन."

तिन माँग अठरावं कापड चौकटीवर ताणू लागला. मोठं घेतलं.