चाकूरला मागे राहिलेला कोट

मित्रांनो, मी वकिलाच्या अंगावरचा एक जुना काळा कोट आहे. माझं डावं कोपर विरलंय. सध्या मी चाकूरच्या एका घरात, पत्र्याच्या पेटीत, कडुलिंबाच्या पाल्यात पडून असतो.

माझा जन्म लातूरचा. गंजगोलाईजवळच्या नरसिंग शिंप्यांनी मला शिवलं. नागुबाई चाकूरच्या शाळेत खिचडी शिजवायच्या आणि त्यांची लेक लुंबिनी नुकतीच वकील झाली होती. माप घेताना नागुबाई म्हणाल्या, "जरा ढिला शिवा. लेकीला लई वर्षं घालायचा हाय."

लुंबिनीताईंसोबत मी नांदेडला आलो. त्या घर-जागेचे करार लिहायच्या, आणि त्यावरून भांडण झालं की मला घालून कोर्टात उभ्या राहायच्या. उन्हाळ्यात वकिलांना कोटाची सक्ती नसते. ते महिने मला नकोसे व्हायचे. खुंटीवर लटकून मी त्यांच्या खांद्यांची वाट पाहायचो.

एकदा खमरुन्निसा नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. हातात कागदांनी भरलेली पिशवी होती.

"बाई, व्याज आमच्यात हराम हाय, म्हणून बँकेत गेले न्हाई," त्या म्हणाल्या. "मोईनुद्दीन सेठ आन् मी, दोघांनी मिळून घर घेतलं. आता सेठ गेले. त्येंचा पोरगा अतीक म्हणतो, तू भाडेकरू, घर खाली कर. कोर्टात गेलाय."

व्यवहार असा होता. घर दोघांचं, राहणार खमरुन्निसा. सेठच्या वाट्याचं भाडं त्यांनी द्यायचं आणि दरवर्षी त्या वाट्यातला थोडा थोडा भाग विकत घ्यायचा. शेवटी सगळं घर त्यांचं व्हायचं. पण हे सारं हाताने लिहिलेलं, नोंदणी न केलेलं.

असला करार ताईंना कॉलेजात कुणी शिकवला नव्हता. त्यांनी पुस्तकं मागवली, जाणत्या मौलवींना भेटल्या. कागद इस्लामच्या नियमात बसतो का आणि आपल्या कायद्यात टिकतो का, दोन्ही बघायचं होतं. मला न उतरवताच, टेबलावर डावं कोपर टेकून त्या तासन् तास वाचायच्या. माझं कोपर विरलं ते तिथेच.

पिशवीच्या तळाशी एक चिठ्ठी निघाली.

"ते काय कामाचं न्हाई बाई, बोअरचं हाय," खमरुन्निसा म्हणाल्या.

ताईंनी ती दोनदा वाचली आणि जपून फाईलला लावली.

सुनावणीच्या दिवशी समोरचे वकील हसले. "साहेब, ही बाई मालकीण पण आणि भाडेकरू पण? एका घरात दोन्ही कसं?"

ताई उठल्या. त्यांचं काळीज माझ्या अस्तराला धडका देत होतं. त्यांनी चिठ्ठी वाचली. "बाई, तुमची परवानगी असेल तर अंगणात बोअर पाडीन म्हणतो. तुमचा मोईनुद्दीन."

मग त्या म्हणाल्या, "साहेब, भाडेकरूची परवानगी कोण मागतं? अशी परवानगी मालक दुसऱ्या मालकाला मागतो."

अतीकने चिठ्ठी हातात मागून घेतली. त्यांनी वडिलांच्या अक्षरावरून बोट फिरवलं. "अब्बांचंच हाय," एवढंच बोलले. पुढच्या तारखेला तडजोड झाली. खमरुन्निसांचा वाटा त्यांच्या नावावर नोंदवला गेला आणि उरलेल्या भागाचा पक्का करार ताईंनी स्वतः लिहिला.

मग बिलोलीहून, मुदखेडहून लोक यायला लागले. बिनव्याजी घराचा कागद करायचा तर लुंबिनीबाईकडे, असं नाव झालं. ते नाव दुबईपर्यंत गेलं आणि तिथल्या एका कंपनीने ताईंना बोलावून घेतलं. जाताना त्या मला मायच्या हाती देऊन गेल्या.

तीन वर्षं झाली. दर महिन्याला नागुबाई मला उन्हात टाकतात, कॉलरवरून हात फिरवतात. परवा फोनवर त्यांनी विचारलं, "लुंबे, कोट धाडू का गं? थंडी असंल तिकडं."

"माय, इथं कसली थंडी? आणि मला कोर्टात जावंच लागत नाही. दिवसभर करारच लिहिते. कुणाला तरी देऊन टाक तो."

"हाव, बरं," नागुबाई म्हणाल्या.

मी पेटीत ते ऐकलं. ताईंच्या हातून आज शेकडो घरं उभी राहतात, याचा मला अभिमान आहे. पण पुन्हा एकदा ते काळीज माझ्या आत धडधडावं, असं फार वाटतं.

मित्रांनो, तुम्हीही शिकून दूर जाल. जरूर जा. आम्हा जुन्या वस्तूंना नाही जपलंत तरी चालेल. पण आम्हाला ऊन दाखवणारे हात मागे राहतात. त्यांना फोन केलात, तर घाईने ठेवू नका.

त्या दिवशी फोन झाल्यावर नागुबाईंनी पेटी उघडली. मला वाटलं, आता आपण कुणाच्या तरी घरी जाणार. त्यांनी मला झटकलं, दार लोटलं आणि लुगड्यावरून मला स्वतःच्या अंगात घातलं. बाह्या बोटांपर्यंत आल्या. त्या तशाच, दोन्ही हातांनी मला छातीशी आवळून, दिवेलागणीपर्यंत उंबऱ्यापाशी बसून राहिल्या.